कोशातून निबंधाकडे नेणारे प्राध्यापक तुम्हाला लाभले का?

शलाका_के

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इतिहास शिकवते. नोकरी नवी आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना ‘पांडवलेणी’ हा विषय निबंधाला दिला. मुद्दाम जवळचा निवडला. पाथर्डी फाट्यावरून जाता-येता तो डोंगर दिसतो आणि वर्गातली निम्मी मुलं तरी कधी ना कधी पायऱ्या चढून वर गेलेली असणार.

निबंध आले. माहिती चुकीची म्हणता येणार नाही. त्रिरश्मी डोंगर, २४ लेणी, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, सातवाहन आणि क्षहरात क्षत्रपांचे शिलालेख, पांडवांशी संबंध नाही. सगळ्यांकडे हेच आणि जवळपास याच क्रमाने. कुणी मराठी विश्वकोशातून घेतलं, कुणी विकिपीडियावरून, कुणी मोबाइलला विचारून. लिहिणारा मुलगा कोण, मुलगी कोण, ते कुठल्याच निबंधातून कळत नाही. एक मुलगी पाथर्डीचीच आहे. रोज घरून निघताना तिला तो डोंगर समोर दिसतो. तिच्या निबंधातसुद्धा तिने पाहिलेला डोंगर नाही.

कोश वाचू नका असं मला त्यांना अजिबात सांगायचं नाहीये. वाचायलाच हवेत, आणि आता तर ते हातातल्या फोनवर फुकट मिळतात. पण तिथून पुढे निबंधाकडे कसं न्यायचं? मी शिकत असताना ‘संदर्भग्रंथ पाहा’ एवढं सांगून विषय संपायचा.

तुम्हाला असे कुणी प्राध्यापक भेटले असतील तर त्यांनी नेमकं काय केलं ते लिहाल का? तत्त्वं वाचून झाली आहेत. वर्गात काय करून घेतलं, वहीवर काय लिहिलं, कुठलं पुस्तक समोर ठेवलं, असं काही सांगा.

जुनी_नाशिककर

शलाका, तुमचा विषय वाचला आणि लगेच लिहायला बसले. १९७७ साली आमच्या सरांनी आम्हाला हाच विषय दिला होता. तेव्हा आमचं महाविद्यालय पुणे विद्यापीठाखाली होतं. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते रुचलं नसतं. आता ते नाहीत.

सर प्राचीन भारत शिकवायचे. आवाज बारीक, मागच्या बाकांपर्यंत पोचायचा नाही, म्हणून वर्ग आपोआप पुढे सरकून बसायचा. वही तपासताना पेन वापरत नसत, शिसपेन्सिलीने समासात लिहीत. ‘तुझ्या मजकुरावर माझी शाई कशाला?’ म्हणायचे. आणि समासात शेरा नसायचा, प्रश्न असायचा. ‘कुणी सांगितलं?’ ‘तू पाहिलंस का?’ ‘मग पुढे काय झालं?’ असे.

निबंध दिला त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला ग्रंथालयात नेलं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये आला होता. खंड येत होते, पण गाडी ‘प’पर्यंत पोचायची होती. त्यामुळे टेबलावर दोन कोश मांडले: केतकरांचा ज्ञानकोश आणि महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश. शेजारी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकवरचा सोळावा खंड, १८८३ चा. इंग्रजीत होता, सर वाचून अर्थ सांगायचे.

मग वहीचं पान उभं दुमडून तीन रकाने पाडायला सांगितले. पहिल्यात सगळे ग्रंथ जे सांगतात ते. दुसऱ्यात एकच ग्रंथ जे सांगतो ते. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा, जे कुणीच सांगत नाही पण आपल्याला जाणून घ्यावंसं वाटतं त्यासाठी. पहिला रकाना सगळ्यांचा पटापट भरला. दुसऱ्याला वेळ लागला, कारण त्यासाठी दोन्ही-तिन्ही ग्रंथ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. तिसरा रकाना त्या दिवशी बहुतेकांचा कोराच राहिला. सर म्हणाले, ‘राहू दे. तो इथे बसून भरत नाही.’

पुढच्या रविवारी लेण्यांवर गेलो. १० नंबरच्या लेण्याच्या ओसरीत सरांनी आम्हाला बसवलं आणि क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख समजावून सांगितला. त्याआधी फ्रेंच पंडित सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या प्रकाशनाच्या आठव्या खंडात दिलेलं वाचन आणि भाषांतर सरांनी स्वतःच्या हाताने उतरवून आणलं होतं. लेख असा आहे: त्या काळच्या कालगणनेच्या ४२ व्या वर्षी उषवदाताने हे लेणं संघाला दिलं, आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. ठेव कुठे ठेवली? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रस्त्यावरचंच. एका श्रेणीकडे २,०००, शेकडा दरमहा १ या दराने. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १,०००, शेकडा दरमहा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. २,००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

सर म्हणाले, ‘हिशेब करा.’ आम्ही तिथेच ओसरीत वह्या काढल्या. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. तंतोतंत. मी आजही तो क्षण विसरलेले नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हिशेब माझ्या वहीत जुळला होता.

मग सरांनी विचारलं, ‘एकाच गावात, एकाच धंद्याच्या दोन श्रेणी. एक शेकडा १ देते, दुसरी पाऊण. का?’ कुणाला येईना. सर म्हणाले, ‘मलाही येत नाही. कोशातही नाही. हा तुमचा तिसरा रकाना.’

माझं आजोळ येवल्याचं. मामांच्या घरात पैठणीचे माग होते. दिवाळीला गेले तेव्हा मी मामांना विचारलं, की कुणी तुमच्याकडे कायमची ठेव ठेवली आणि म्हणालं मुद्दल मागणार नाही, फक्त दरमहा व्याज द्या, तर तुम्ही काय कराल? मामा माग थांबवून वळले आणि म्हणाले, ‘रेशीम घेईन.’ मग सविस्तर बोलले. रेशीम आणि जरीची तार आधी रोख घ्यावी लागते, लुगडं विणायला महिने लागतात, पैसा विकल्यावर येतो. मधल्या काळात विणकर सावकाराच्या हातात असतो. ज्याच्याकडे सुतापुरता स्वतःचा पैसा आहे तो मान वर करून भाव सांगू शकतो. आणि व्याजाच्या फरकावर म्हणाले, ‘ज्याच्याकडे जास्त माग चालू, तो जास्त व्याज कबूल करील. ज्याचे कमी, तो कमी.’

मामांचं म्हणणं उषवदाताच्या काळाला लागू पडतं हे मी सिद्ध करू शकत नव्हते आणि तसं मी निबंधात लिहिलंही. पण माझा निबंध त्या प्रश्नाभोवतीच फिरला. २४ लेणी, त्रिरश्मी, क्षत्रप हे सगळं सुरुवातीच्या दोन ओळींत आलं. पुढे राजाच्या जावयाची ठेव, विणकरांचा माग आणि सुताची उधारी. सरांनी खाली पेन्सिलीने लिहिलं: ‘मामांचं बोलणं जसंच्या तसं ठेव. तुझं त्यावरचं भाष्य अर्धं काप.’ मी कापलं. निबंध सुधारला, हे मला तेव्हाच दिसलं.

सर कोशांना फार मानत. केतकरांबद्दल बोलताना त्यांचा तो बारीक आवाजही चढायचा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९११ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते परतले. मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून त्यांनी मंडळ काढून भागभांडवल उभं केलं, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि १९२० च्या दशकात २३ खंड पुरे केले. सर आम्हाला एक बारकावा दाखवायचे. ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत, अकारविल्हे, म्हणजे वर्णानुक्रमाने, नोंदी सहाव्यापासून सुरू होतात. ‘आधी दुसरा खंड उघडा, मग दहावा. संपादक तोच आहे, पण बसण्याची ढब बदलली आहे,’ असं म्हणायचे. प्रस्तावनाखंडात केतकर वाद घालतात, मत मांडतात, एका गोष्टीवरून दुसरीकडे जातात. नोंदीत वाचणाऱ्याला जे हवं ते चटकन हाती देतात. निबंध आणि नोंद यातला फरक कळायला मला त्याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही, आणि दोन्ही एकाच कपाटात आहेत.

शलाका, तुमच्या पाथर्डीच्या मुलीला ‘डोंगराबद्दल लिही’ असं सांगू नका. तिला एखादा प्रश्न मिळवून द्या. डोंगर मागून येईल.

संदीप_सिडको

ताई, वाचताना अंगावर काटा आला. १० नंबरच्या लेण्यात मी कितीदा गेलोय, तो हिशेब मला कुणी सांगितला नव्हता.

तरी एक अडचण मांडतो. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना निबंध शिकवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा आहे. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. तो मराठीतूनही लिहिता येतो. तिथे मुलाला समोर विषय दिसतो आणि आठवणीवर लिहायचं असतं. येवल्याच्या मामांना विचारायला वेळ नाही. महाविद्यालयातही एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, सत्र जेमतेम चार महिन्यांचं. एक शिक्षक प्रत्येकाच्या समासात प्रश्न कसे लिहिणार?

माझ्या एम.ए.च्या एका मॅडमनी यावर एक तोड काढली होती. त्या अख्खा निबंध तपासायच्याच नाहीत. प्रत्येकाचा पहिला परिच्छेद वाचायच्या आणि एकच गोष्ट विचारायच्या: ‘हा परिच्छेद शेजारच्याच्या वहीत चिकटवला तर चालेल का?’ चालत असेल तर परत लिहायचा. चालणार नाही असा होईपर्यंत पुढचं वाचायच्या नाहीत. माझा एक परिच्छेद महिनाभर त्यांच्या टेबलावरून परत येत होता. आज मी माझ्या मुलांना तेच करायला लावतो आणि वेळ खरंच कमी लागतो.

जुनी_नाशिककर

संदीप, मॅडमचा प्रश्न फार चांगला आहे. लिहून ठेवला.

आमचाही वर्ग मोठा होता. सर सगळे निबंध एकदम घेत नसत. हजेरीपटाप्रमाणे गट पाडलेले असायचे आणि एका आठवड्यात एकाच गटाच्या वह्या. बाकीच्यांनी त्या आठवड्यात रकाने भरायचे. लेण्यांवरही सगळा वर्ग नव्हता, ज्यांना यायचं ते आले.

परीक्षेबद्दल म्हणाल तर, मी पुढे बँकेत लागले आणि खात्यातल्या बढतीच्या परीक्षा दिल्या. तिथेही विचारायला मामा नव्हतेच. पण एकदा एखाद्या गोष्टीच्या मुळापर्यंत जाऊन लिहिलेलं असलं की अनोळखी विषय समोर आला तरी आपण कुठे थांबून विचारायचं ते हाताला कळतं. शिवाय तुमच्या मुलांकडे वर्षभर तयारीचा काळ असतोच की. त्या काळात एक तरी विषय असा तळापर्यंत नेऊ द्या.

ओझरकर

मी एच.ए.एल.ला होतो, ओझरला. आता निवृत्त. आय.टी.आय. करून लागलो होतो, पदवी राहून गेली होती. १९८९ ला मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी मी बी.ए.ला नाव घातलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद माझ्यापुरतं शब्दशः खरं झालं. आठवडाभर पाळी आणि रविवारी अभ्यासकेंद्र.

आमच्या केंद्रावर मराठी शिकवायला एक सर यायचे. आम्ही सगळे नोकरीतले. कुणी पोस्टात, कुणी शेतकरी, दोन परिचारिका होत्या. ग्रंथालयात बसायला कुणाकडे वेळ नाही हे सरांना ठाऊक होतं. ते स्वतः विश्वकोशाचा एखादा खंड पिशवीतून घेऊन यायचे. एवढा जाडजूड ग्रंथ बसने! त्यातली एक छोटी नोंद मोठ्याने वाचायची. मग विचारायचे, पहिल्या वाक्यात काय सांगितलं? दुसऱ्यात काय? क्रम असाच का? आम्हाला नोंदीची बांधणी तोंडपाठ झाली. आधी ती वस्तू काय आहे, मग कुठे सापडते किंवा कशी बनते, भाग कोणते, उपयोग काय, इतिहास काय.

मग गृहपाठ दिला. ज्याने त्याने आपल्या कामातली एक वस्तू घ्यायची आणि तिच्यावर दीडशे शब्दांची कोशातल्यासारखी नोंद लिहायची. ‘मी’ हा शब्द चालणार नाही. मी लेथ घेतला. बेड, हेडस्टॉक, टेलस्टॉक, कॅरेज, चक, जॉब फिरतो आणि टूल स्वतः न फिरता धातू कापतं, वगैरे. सोपं गेलं, रोजचं होतं.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, आता त्याच लेथवर निबंध. नोंदीत आलेलं एकही वाक्य परत वापरायचं नाही.

मी आठवडाभर अडलो. जे जे सुचे ते नोंदीत लिहून झालेलं होतं. शेवटी रात्रपाळीत मशीनवर उभा असताना लक्षात आलं की टूलची धार गेली हे मी डोळ्यांनी बघत नाही, कानांनी ऐकतो. आवाज बदलतो. चिप निघताना रंग बदलतो तो नंतर. आणि हे मला ज्यांनी शिकवलं ते शॉपमधले जुने फिटर, त्यांनी एकदाही तोंडाने सांगितलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, एवढंच. मी मशीन बंद करायचो आणि टूल बघायचो. त्यावर निबंध लिहिला. सरांनी तो वर्गात वाचला आणि पोस्टातल्या आमच्या मित्राने विचारलं, ‘आवाज नेमका कसा बदलतो?’ मी तोंडाने काढून दाखवला. सर म्हणाले, हे पण लिहायला पाहिजे होतंस, आवाज शब्दात आण. पुन्हा लिहिला.

मॅडम, तुमच्या मुलांना आधी नोंद लिहायला लावा, स्वतःच्या घरातल्या वस्तूवर. नोंद लिहिता आली की निबंध कुठून सुरू होतो ते त्यांचं त्यांना सापडतं. मला अजून ज्ञान देणारा ग्रंथ म्हटलं की ती पिशवी आठवते. सरांना त्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते.

म्हसरूळ_वनस्पती

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि विश्वकोशाच्या ज्ञानमंडळासाठी, म्हणजे त्या विषयाच्या तज्ज्ञगटासाठी, काही नोंदी लिहिल्या आहेत. म्हणून दुसऱ्या बाजूने थोडं.

नोंद लिहिणं म्हणजे माणूस पुसून टाकणं, असा सूर वर लागलाय. मला तो पटत नाही. विश्वकोशाच्या छापील खंडात नोंद संपली की खाली लेखकाचं नाव असतं. ज्ञानमंडळाच्या नोंदीत तर समीक्षकाचंही असतं. मुलांना हे दाखवा. फोनवर वाचताना ती ओळ कुणी वाचत नाही. कुणीतरी विशिष्ट माणसाने, विशिष्ट वर्षी, काही ग्रंथ समोर ठेवून हे लिहिलं आणि दुसऱ्याने तपासलं, एवढं कळलं की ‘कुणी सांगितलं?’ हा सरांचा प्रश्न आपोआप सुरू होतो.

माझी पहिली नोंद समीक्षकांकडून परत आली तेव्हा ‘अत्यंत उपयुक्त’, ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘फार पूर्वीपासून’ या सगळ्यांखाली रेघा होत्या. किती मोठ्या प्रमाणावर? कुठल्या शतकापासून? आकडा द्या किंवा वाक्य काढा. विद्यापीठात इतकी वर्षं शिकवून मला कुणी असं विचारलं नव्हतं. ती नोंद सुधारताना मी लिहायला शिकलो असं म्हणेन. आणि निवड तर करावीच लागते. द्राक्षावर लिहायचं तर आधी वेलीची रचना सांगू, की निफाड-दिंडोरीच्या बागा, की ऑक्टोबरची छाटणी? जागा तेवढीच असते. कशाला चार ओळी आणि कशाला एक, हे ठरवणाऱ्याची दृष्टी त्यात उतरतेच.

विश्वकोश घडला तोही असाच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली, जुन्या पद्धतीने शिकलेले. त्याच माणसाने आधुनिक विज्ञानासकट सगळ्या विषयांचा कोश हाती घेतला. नोंदी लिहायला सुरुवात करायची तर आधी मराठीत परिभाषा ठरवायला हवी, म्हणून परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली, मुख्य खंडांच्या आधी काढला. १९९४ ला तर्कतीर्थ गेले तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं. मे. पुं. रेगे आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी ते पुढे नेलं. विसावा खंड हातात आला तेव्हा पहिल्या खंडाला जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. हे सगळं वर्गात सांगा. मुलांना विश्वकोश म्हणजे एक संकेतस्थळ वाटतं. ते एका गावात बसून माणसांनी वर्षानुवर्षं केलेलं काम आहे, हे कळलं तर उतरवून काढताना हात जरा थांबेल.

शलाका_के

सगळ्यांचे मनापासून आभार. जे मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त मिळालं. संध्याकाळपासून धागा दोनदा वाचला.

असं ठरवतेय. पुढच्या सत्रात वर्गाचे चार गट. सगळ्यांनी आधी ओझरकर काकांच्या पद्धतीने घरातल्या किंवा आईवडिलांच्या कामातल्या वस्तूवर नोंद लिहायची. वर्गात शेतकऱ्यांची मुलं बरीच आहेत, एकाचे वडील रिक्षा चालवतात, एकीची आई अंबडला कारखान्यात आहे. त्यानंतर तीन रकाने. विश्वकोश आणि केतकर फोनवर, संस्कृतिकोश ग्रंथालयात, आणि लेखकाचं नाव रकान्यात लिहिणं सक्तीचं. मग १० नंबरचं लेणं आणि वहीतला हिशेब. उत्तर मी आधी सांगणार नाही. संदीप सरांच्या मॅडमचा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणार आहे, परवानगी गृहीत धरते.

पाथर्डीच्या मुलीशी काल बोलले. तिला विचारलं, डोंगराकडे बघून तुला कधी काही प्रश्न पडलाय का? ती म्हणाली, वर पाण्याची टाकी कोरलेली आहेत, ती उन्हाळ्यात कधी आटतात ते तिच्या आजीला माहीत आहे, पण आधीच्या लोकांना तेवढं पाणी पुरायचं का? मी तिला म्हटलं, हाच निबंध लिही, आजीला विचारूनच लिही.

एक मदत हवी. सेनार यांचं वाचन आणि १८८३ चं गॅझेटिअर मुलांना दाखवायचं तर कुठे मिळेल? आमच्या ग्रंथालयात ‘एपिग्राफिया इंडिका’ नाही.

म्हसरूळ_वनस्पती

दोन्ही प्रताधिकारमुक्त आहेत आणि स्कॅन करून आंतरजालावर ठेवलेली आहेत. ‘एपिग्राफिया इंडिका’चा खंड आठवा, १९०५-०६ चा, त्यात नाशिकच्या लेण्यांचे लेख एकत्र आहेत. गॅझेटिअर शोधताना ‘खंड १६, नाशिक’ असं शोधा. लेण्यांचा भाग त्यात भगवानलाल इंद्रजींच्या कामावर आधारलेला आहे, तेही मुलांना सांगा. छापील प्रत बघायची तर सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. १८४० पासूनची संस्था आहे, जुना संग्रह मोठा आहे.

जुनी_नाशिककर

शलाका, सरांनी उतरवून आणलेला कागद मी त्यांच्याकडून मागून घेतला होता. माझ्याकडे आहे. घडीवर फाटत चाललाय, पण अक्षर वाचता येतं. मूळ प्राकृत ओळी वर आणि खाली मराठी अर्थ, दोन्ही सरांच्याच हातचं. त्याचा फोटो उद्या इथे टाकते. लेण्यांवर जाण्याची तारीख ठरली की कळवा. टॉर्च घेऊन जा, काही अक्षरं झिजली आहेत आणि बाजूने उजेड पाडला की चांगली उठून दिसतात. गुडघ्यांनी साथ दिली तर मीही येईन. सावकाश चढेन, तुम्ही मुलांना घेऊन पुढे व्हा.